तापीबाईची वाटी

तापीमायची शपथ घेऊन सांगते, मोठ्यानं सांगते, पार तळोद्याच्या डोंगरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगते, की यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर खोटं निघालं तर माझे उरलेले दात आजच्या आज पडोत. उरलेत थोडेच, पण शपथ ती शपथ.

महाराष्ट्र व्हायच्या आधीची गोष्ट. प्रकाशा गावाच्या खालच्या अंगाला, तापीच्या काठावर गुजरांचं एक गाव होतं. कापूस, केळी, ऊस, कशाला कमी नव्हतं. पण पावसाळ्यात तापी गावात यायची ती माहेरी आलेल्या नणंदेसारखी, न सांगता यायची आणि जाताना हाताला लागेल ते घेऊन जायची. म्हणून घरं सगळी उंच ओट्यांवर. किती उंच म्हणाल, तर खालून उडालेला कावळा मधल्या पायरीवर दम खायला बसायचा. पुढून माणसांसाठी दगडी पायऱ्या, अंगावर येणाऱ्या, उभ्या. आणि मागून, गोठ्याच्या अंगाला, मातीचा लांब उतार. म्हैस काही पायऱ्या चढत नाही, म्हणून तिच्यासाठी उतार. माणसाला पाय असतातच, असं गाव धरून चाललं होतं.

फुलवंताला ते नव्हते. म्हणजे होते, पण नुसते होते.

ती आणि तापीबाई एकाच लगीनसराईत या गावात आल्या. फुलवंता नथ्थूच्या घरात, गल्लीच्या या टोकाला. तापीबाई लोटनच्या घरात, त्या टोकाला, नदीच्या काठावर. दोघींची ओळख झाली ती वाटीवरून. त्या गावात रीत होती, आजही कुठेकुठे आहे. घरात काही बरं झालं की शेजारी वाटी जायची. कधी वांग्याचं भरीत, कधी पहिला हुरडा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस. वाटी रिकामी परत करायची नाही, ही रीत तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण त्या गावात आणखी एक होती. वाटी परत करायची ती घरच्या बाईनं स्वतः. आपल्या हातानं न्यायची, पायऱ्या चढायच्या, ओट्यावर घटकाभर बसायचं. खरी देवघेव त्या घटकेत व्हायची, वाटी म्हणजे नुसतं निमित्त. आणि वाटी दुसऱ्याच्या हातून धाडली, तर त्याचा अर्थ एकच. आमचं तुमचं बोलणं संपलं.

या दोघींची वाटी तर इतकी ये-जा करायची की गल्लीतली कुत्रीसुद्धा त्या वाटीला ओळखायची, भुंकायची नाहीत.

मग एका वर्षी दोघी शहाद्याच्या बाजाराहून बैलगाडीनं परत येत होत्या. तापीबाईला सातवा महिना. फुलवंतानं तिला आतल्या अंगाला, मऊ कडब्यावर बसवलं आणि स्वतः कडेला बसली. नाल्यात गाडी कलंडली. तापीबाईला खरचटलंही नाही. चाक गेलं फुलवंताच्या कमरेवरून. नथ्थूनं तिला धुळ्यापर्यंत नेलं, देवाला नवस केले, झाडपाल्याचे लेप लावले. पाय काही हलले नाहीत.

आणि मग गावानं फुलवंतावर माया सुरू केली.

गाव वाईट नव्हतं हो. वाईट असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. पाणी तिच्या दारात यायचं. देवाचा प्रसाद दारात यायचा. संक्रांतीचं हळदीकुंकू दारात यायचं. आखाजीला बायका गौराईची गाणी तिच्या अंगणात उभ्या राहून म्हणायच्या, आणि मग झोक्याकडे निघून जायच्या. फुलवंता म्हणायची, मीही येते. त्या म्हणायच्या, तू कसाले तरास लेस व माय, आम्ही शेतस ना, म्हणजे आहोत ना. आणि वाट्या तर यायच्याच. फुलवंता परत करते म्हणाली की सगळ्यांचं एकच उत्तर, राहू दे तुझ्याकडेच. तुला कसली रीत.

तुला कसली रीत. हे वाक्य फुलवंताच्या छातीवर चाकासारखं बसलं. जिला रीत नाही ती गावातली कशी? गाव तिच्या दारात यायचं आणि परत जायचं. दुपारी ओट्याओट्यावर बायका मिरच्यांचे देठ खुडत बसायच्या, तिथून हसणं ऐकू यायचं, आणि कोण हसलं ते ती आवाजावरून ओळखायची. कशाला हसल्या ते मात्र कळायचं नाही. तिच्या कोनाड्यात लोकांच्या वाट्या साचत गेल्या. पितळेच्या, काशाच्या, कल्हई गेलेल्या. तिकडे नंदुरबारला आगगाडीनं शिट्टी दिली की इकडे त्या वाट्या किणकिणायच्या. खरं सांगते, मी शपथ घेतलीय.

त्यातली एक वाटी तापीबाईची. अपघातानंतर ती आली, पण तापीबाई आली नाही. तिच्या सासूनं, दगूबाईनं, जाता जाता उंबऱ्यावर ठेवली आणि काही न बोलता गेली. दुसऱ्याच्या हातून आलेली वाटी. फुलवंता दिवसभर त्या वाटीकडे बघत बसायची. हे माझ्यावर दया म्हणून झालं, की तापीनं बोलणं संपवलं? दया असेल तर एक, आणि संपवलं असेल तर का? मी तर तिला मऊ कडब्यावर बसवलं होतं. विचारणार कोणाला? तापीबाई या टोकाला कधी फिरकली नाही. तिला मुलगी झाली, ती मुलगी चालायला लागली, तरी नाही.

म्हणून फुलवंतानं मनाशी ठरवलं, ही वाटी मी माझ्या हातानं, तिच्या ओट्यावर नेऊन देणार. दुसरं काही नको. भरीत भरून ठेवलं तर ते आंबलं. खीर केली तर मांजरानं खाल्ली. शेवटी तिनं लिंबाचं गोड लोणचं घातलं. लोणच्याला वाट बघायची सवय असते.

नथ्थू भला माणूस. त्यानं सुताराकडून एक बुटका गाडा करून आणला, पेरणीच्या मोडक्या पाभरीची फळी आणि खाली चार लाकडी चाकं. वर बसायचं आणि दोन्ही हातांनी जमीन ढकलायची. फुलवंतानं त्याचं नाव ठेवलं घोडी. स्वतःच्या घरापुढच्या पायऱ्यांवर नथ्थूनं माती टाकून उतार केला. आता ती गल्लीत येऊ शकत होती. पण गल्लीत येऊन करायचं काय? दोन्ही बाजूंना पायऱ्या. ती म्हणाली असती तर नथ्थूनं पाठीवर घेऊन चढवलं असतं, पण सासऱ्या-दिरांच्या देखत नवऱ्याच्या पाठीवर बसून कोणाच्या घरी गेलेली सून त्या काळात कोणी पाहिली नव्हती, आणि फुलवंताला पहिली व्हायचं नव्हतं. एकदा नथ्थू अगदी कळवळून म्हणाला, "दे ती वाटी, मी दी येस."

ती म्हणाली, "तुम्ही लई गयात ते ती म्हनी, फुलवंता रुसनी."

नवरा वाटी घेऊन गेला, तरी ती दुसऱ्याच्याच हातून गेली. नथ्थूला रीत कळत होती.

मग एका संध्याकाळी गुरं परत येत होती. फुलवंता गल्लीत घोडीवर बसलेली, मांडीवर गल्लीतल्या मीनाबाईची वाटी, सवयीनं भरलेली. मीनाबाईची म्हैस होती, चांदी नावाची. ती चालली मागच्या उताराकडे. फुलवंतानं पाहिलं, म्हैस कशी आरामात वर चढते. म्हशीला जमतं ते मला का जमू नये? तिनं घोडी वळवली, पुढे झाली आणि चांदीची शेपटी धरली. आता कोणी म्हणेल, म्हैस लाथ मारेल. चांदीनं नुसतं मागे वळून पाहिलं, जणू म्हणाली, नीट धर, आणि ओढत ओढत वर घेऊन गेली.

गोठ्यात अंधार. मीनाबाई पाठमोरी, गुरांची ढेप भिजवत होती. पाठीमागे धाप ऐकून म्हणाली, "ये व मन्ही माय, ये. भूक लागनी का?"

"भूक नही," फुलवंता म्हणाली, "वाटी देवाले उनू."

मीनाबाईच्या हातातली बादली पडली म्हणतात. म्हशीला वाचा फुटली, आणि तीही वाटी द्यायला आली, असं वाटून मीनाबाई हात जोडून उभी राहिली, आणि मग खाली पाहिलं तर फुलवंता. दोघी इतक्या हसल्या की मीनाबाईनं तिला उचलूनच घरात नेलं, आणि घरातून पुढच्या ओट्यावर. आणि इथं घोटाळा झाला. ओट्यावर मीनाबाईच्या पोरीला बघायला पाहुणे आले होते.

आता त्या गावात गोठ्याच्या दाराचं काय होतं ते ऐका. त्या दारानं गुरं आत यायची, शेण बाहेर जायचं, आणि मेलेलं ढोर बाहेर जायचं. माणसाला त्या दारानं आत घेणं म्हणजे त्याचा अपमान, आणि ज्या घरानं तो केला त्याची नाचक्की. पाहुण्यांतला म्हातारा फुलवंताच्या लुगड्याला लागलेल्या शेणाकडे बघत राहिला. मग मीनाबाईच्या नवऱ्याला त्यानं शांतपणे विचारलं, "तुम्हनाकडे पावना ढोरेस्ना वाटवर येतस का, आप्पा?"

चहा न पिता पाहुणे गेले. मीनाबाईनं फुलवंताला घरी नेऊन सोडलं. आली तेव्हाचं हसणं गोठ्यातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी गावात दुसरं बोलणं नव्हतं. चावडीवर माणसं जमली. कोणी म्हणालं, नथ्थूला सांगा, बायकोला घरात ठेव. कोणी म्हणालं, गोठ्यांना फाटकं लावा. फुलवंता घरात बसून हे नथ्थूच्या तोंडून ऐकत होती आणि तिला वाटत होतं, संपलं. आता दारातही कोणी यायचं नाही. पण गावचे पाटील शांतीलाल, जाडा माणूस, डोकं सावकाश चालायचं पण एकदा चाललं की थांबायचं नाही, ते म्हणाले, "जिनी वाटी आपन घरम्हा लेतस, तिले आपलं पुढलं दार बंद कसं?"

वाटी परत करायला आलेल्या बाईला नाही म्हणायची रीत नव्हती. ती मागून आली, तर घराची नाचक्की. मग उरलं काय? पुढून येऊ द्यायचं. आणि पुढून यायला तिला पाहिजे उतार. मायेनं जे इतक्या वर्षांत झालं नाही ते अब्रूनं एका सकाळी झालं. सगळ्यात आधी मीनाबाईच्या नवऱ्यानं फावडं उचललं, कारण पोरगी त्याचीच होती.

मग काय, चढाओढ लागली. याचा उतार रुंद तर त्याचा लांब. एकानं एवढा रुंद केला की बैलजोडी गाडीसकट ओट्यावर गेली आणि तुळस खाऊन खाली आली. एकाचा एवढा लांब की उतरेपर्यंत माणसाला पुन्हा भूक लागायची. एका घरच्या बायकांनी हौसेनं शेणानं सारवून असा गुळगुळीत केला की शांतीलाल पाटील बघायला वर चढले आणि बसल्या बसल्या गल्लीच्या मधोमध आले. पगडी डोक्यावर तशीच, विडी पेटलेली तशीच. त्यानंतर ठरलं, उतारावर खडी ठोकायची, आणि चढ असा ठेवायचा की भरलेली घागर डोक्यावरची हलू नये.

उतार केले फुलवंताचं नाव घेऊन, पण वापरले सगळ्यांनी. गरोदर सुना, गुडघे गेलेल्या सासवा, काठीनं चाचपडत चालणारा एक आंधळा म्हातारा. दिवलीबाई नावाची एक म्हातारी तर कमरेत वाकल्यापासून ओट्यावरून खाली उतरलीच नव्हती. ती उतरली तेव्हा तिला ओळखणारं गल्लीत कोणी नव्हतं, आणि दोघं जण तर शपथेवर सांगायला लागले की आम्ही हिच्या तेराव्याला जेवलो आहोत.

फुलवंता घोडी ढकलत घरोघर निघाली. एकेक वाटी परत गेली. प्रत्येक घरी तिला पाट मिळाला, गुळाचा खडा मिळाला, कुंकू लागलं. पण घटकाभर बसायचं म्हटलं तर बोलणं सरायचं. बायका शेतातलं बोलायच्या, ते तिनं पाहिलेलं नव्हतं. कोणाची नवी विहीर, कोणाच्या बांधावरचं भांडण, नदीवर धुणं धुताना कोण काय म्हणालं. ती तिथं नव्हती. मग त्या अदबीनं विचारायच्या, तब्येत कशी आहे? परगावच्या पाहुणीला विचारावं तसं. एकेकाळी ज्या बाईनं हिच्या पाठीत धपाटा घातला होता, तीच आता पदर सावरून बसायची. फुलवंता हसायची, उठते म्हणायची, आणि उतारावरून खाली यायची. उठते म्हणताना जीभ अडखळायची, पण दुसरं काय म्हणणार.

कोनाडा रिकामा होत गेला. नंदुरबारची शिट्टी आता मुकी झाली. शेवटी राहिली एक वाटी.

लोटनच्या घराला उतार नव्हता, पुढून नाही आणि मागूनही नाही, कारण त्यांची गुरं शेतातच असायची. गावातला सगळ्यात उंच ओटा तोच, नदीच्या डोक्यावर. लोटन आज करू, उद्या करू म्हणत राहिला. माती मिळत नाही, गडी मिळत नाही. खरं कारण फुलवंताला दगूबाईकडून कळलं. दगूबाई एकदा येऊन उंबऱ्यावर बसली, पदराशी चाळा करत राहिली आणि म्हणाली की सून नको म्हणते. का, ते सांगत नाही. उताराचं नाव काढलं की उठून आत जाते. गाडी कलंडली तेव्हा पोटात होती, त्या पोरीला जवळ घेऊन बसते.

म्हणजे संपवलंच होतं तर, फुलवंताला वाटलं. आणि दुसऱ्या क्षणी वाटलं, नाही, बोलणं संपवलेल्या माणसाला भीती कशाची असेल? तिच्या मनात उलटसुलट चालू राहिलं. लोणचं मात्र काळं होऊन, पाकासारखं घट्ट झालं होतं. आणखी थांबवलं तर वाटीतून काढायला फावडं लागलं असतं.

शेवटी गावानं लोटनला टोचायला सुरुवात केली. सगळ्या गल्लीत एकच घर उघडं पडलं होतं, चावडीवर लोक विचारायचे, लोटनभाऊ, तुमच्याकडे पाहुणे उडत येतात का? त्यानं नदीतले गोटे आणून उतार केला. चांगला केला, कडेला धरायला दगडांची रांगसुद्धा लावली.

ज्या दिवशी तो वाळला, त्याच दिवशी दुपारी फुलवंता निघाली. नथ्थूला म्हणाली, मागे येऊ नका. वाटी मांडीवर, वर केळीचं पान झाकलेलं. गल्ली उन्हात रिकामी. उताराला लागली तेव्हा हाताला गोटे भाजत होते. थोडं चढायचं, दगड धरायचा, दम खायचा, पुन्हा चढायचं. मध्ये घोडी मागे घसरली, एका हातानं दगड धरून दुसऱ्यानं तिनं आधी वाटी सांभाळली. वर पोचली तेव्हा तळहात सोलले होते.

तापीबाई दारात उभी होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे. इतक्या वर्षांनी दोघी समोरासमोर. तापीबाईचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते. तिनं फुलवंताच्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं, आणि तिथंच बघत राहिली.

"तापी," फुलवंता म्हणाली, "वाटी लई उनू."

तापीबाईनं दोन्ही हात पुढे केले. वाटी घेतली. वरचं पान खाली पडलं.

"ये," ती म्हणाली, "बठ."

फुलवंता बसली. ओट्याच्या कडेला घोडी लावून बसली. समोर तापी नदी होती, अख्खी, रुंद, उन्हात चकाकणारी. गाडी कलंडल्यापासून फुलवंतानं नदी पाहिली नव्हती. पुराचं पाणी तेवढं गल्लीत आलेलं पाहिलं होतं. पलीकडच्या काठावर कोणाची तरी गुरं पाण्यात उतरत होती. ती बघत बसली. ऊन कललं, गुरं परत गेली, घराघरांतून धूर निघायला लागला, तेव्हा ती उतारावरून सावकाश खाली आली.

हे सगळं असंच झालं. म्हैस खरी, शांतीलाल पाटील खरे, दिवलीबाई तर माझ्या डोळ्यांनी पाहिलेली.

आता शपथ घेतली आहे म्हणून सांगते. एक गोष्ट तेवढी मी घातली. ये, बठ, असं तापीबाई म्हणाली नाही. तिनं वाटी घेतली, आत गेली आणि बाहेर आली नाही. आतून पोरीला गप्प करण्याचा आवाज आला, मग तोही थांबला. ओट्यावर फुलवंता एकटीच होती. पण घटकाभर बसायची रीत होती, म्हणून ती बसली. कोणी ऊठ म्हणालं नाही.